पाहुण्यांना पाखरं दाखवताना

प्रिय ताई,

मी नऊ वर्षांपासून पक्षी बघते. गेल्या हिवाळ्यात कॉलेजमधल्या दोन मैत्रिणी माझ्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना मी हौसेनं पक्षी दाखवायला नेलं. पहाटे साडेचारला उठवलं, उजाडायच्या आत तळ्यावर पोहोचलो, तिथून माळ, मग झाडी. सहा तासांत ७१ जाती झाल्या. माझ्यासाठी तो फार मोठा दिवस होता. परतताना एक जण गाडीत गाढ झोपली आणि दुसरी म्हणाली, 'छान होतं गं, पण मला एकही पक्षी नीट दिसला नाही.' ते वाक्य वर्षभर मनात रुतून बसलंय.

पुढच्या महिन्यात दोघी पुन्हा येताहेत, आणि परत पक्षी बघायला जाऊ असं त्यांनीच म्हटलंय. या वेळी एकीचा नवरा आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी सोबत आहेत. नवऱ्याला पक्ष्यांचे फोटो काढायची नवी हौस लागली आहे, मोठी लेन्स घेऊन येणार आहे. दुसरीचा गुडघा दुखतो. मला एका कपारीतलं शृंगी घुबडाचं घरटं माहीत आहे. पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली आहेत. ते दाखवलं तर मागच्या वेळची सगळी भरपाई होईल असं वाटतं. दिवस कसा आखू?

– पाखरवेडी

प्रिय पाखरवेडी,

तुमच्या मैत्रिणीनं जे सांगितलं ते बहुतेक पाहुणे सांगत नाहीत. 'मस्त होतं' म्हणतात, आणि पुढच्या वेळी त्यांना नेमकं दुसरं काम निघतं. तिनं खरं सांगितलं आणि तरी पुन्हा यायचं म्हणते आहे. तेव्हा त्या वाक्याचं ओझं बाळगू नका. सगळा दिवस त्याच वाक्यावरून आखा.

आधी हिशेब करून बघा. सहा तास म्हणजे ३६० मिनिटं, त्यात ७१ जाती. एका पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं, आणि त्यातच चालणं, गाडीत बसणं, पाणी पिणं. तुम्हाला ती पाच मिनिटंही जास्त होतात, कारण तुमचा डोळा नऊ वर्षं घोटला गेलाय. पानांत काही हललं की उडण्याच्या लकबीवरून, शेपटीच्या झटक्यावरून तुम्ही नाव सांगता. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला मात्र तेवढ्या वेळात एक हललेलं पान दिसलेलं असतं. ती दुर्बीण वर करते तोवर पक्षी गेलेला असतो आणि तुम्ही पुढच्या झाडाकडे निघालेल्या असता. असं ७१ वेळा झालं की माणूस थकून झोपणारच.

म्हणून या वेळी मनाशी आकडा ठरवून जा: दहा. फार तर बारा. हे दहा पक्षी पाचही जणांना दुर्बिणीतून पूर्ण, डोळा-चोच-पाय दिसतील इतके नीट दिसले पाहिजेत. दरम्यान तुम्हाला आणखी चाळीस दिसतील, ते मनात ठेवा आणि यादी रात्री भरा. हे तुम्हाला जड जाईल याची मला कल्पना आहे. एखादा दुर्मीळ पक्षी समोरून जात असेल आणि मैत्रीण अजून साध्या बगळ्यावर खिळलेली असेल, तर तिला बगळ्यावरच राहू द्या.

दुर्बिणीबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण पाहुण्यांचे दिवस सगळ्यात जास्त तिथेच फसतात असं माझं ठाम मत आहे. आपण पाहुण्यांच्या हातात दुर्बीण देतो आणि 'बघ' म्हणतो. ती कशी लावायची हे कुणी सांगतच नाही. त्यांना दोन वेगवेगळी काळी वर्तुळं दिसतात, मधे धूसर काहीतरी हलत असतं. विचारायला संकोच वाटतो, म्हणून 'हो, दिसला' असं म्हणून टाकतात. तुमच्या मैत्रिणीचं तेच झालं असण्याची दाट शक्यता आहे.

तेव्हा आदल्या संध्याकाळी, उजेड असतानाच, गच्चीवर किंवा खिडकीपाशी अर्धा तास काढा. पक्षी नको, लांबची एखादी पाटी किंवा झाडाचा शेंडा घ्या. आधी दुर्बिणीचे दोन्ही भाग बिजागरीवर जवळ-लांब करत दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत थांबायचं. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांकडची रबरी कडी आत दाबायची, बाकीच्यांनी बाहेर काढायची. मग उजवी बाजू हातानं झाकून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला पाटी स्वच्छ करून घ्यायची. नंतर डावी बाजू झाकायची आणि मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीपाशी जी छोटी कडी असते तेवढीच फिरवून उजव्या डोळ्याचं जुळवायचं. काही दुर्बिणींत ही कडी दुसरीकडे असते, तुमची कुठे आहे ते आधी बघून ठेवा. एकदा हे जमलं की पुढे फक्त मधलं चाक. ज्याची दुर्बीण त्यानंच दिवसभर वापरायची, कारण हाताहातांत फिरली की दर वेळी सगळं बिघडतं.

दुसरी गोष्ट, नजर. नवखा माणूस पक्षी दिसला की खाली दुर्बिणीकडे बघतो, ती उचलतो, डोळ्यांना लावतो आणि मग आकाशभर पक्षी शोधत बसतो. त्यांना सांगा, नजर पक्ष्यावरून हलवायची नाही. मान तशीच ठेवायची आणि दुर्बीण वर आणून डोळ्यांच्या आणि पक्ष्याच्या मधे सरकवायची. गच्चीवर दहा-पंधरा वेळा केलं की हात बसतो. मुलीला हा खेळ करून द्या, 'बघ, तो कावळा, आता दुर्बीण!' मोठ्यांच्या आधी तिला जमेल.

तुमच्याकडे दोन दुर्बिणी असतील तर चांगली त्यांना द्या, जुनी तुम्ही घ्या. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, समोरची काच ४२ मिलिमीटरची) आणि १०×४२ असा पर्याय असेल तर ८ वाली नवख्यांना. दहापट मोठं दिसतं म्हणून लोक तीच मागतात, पण हाताची थरथरही दहापट होते आणि समोरचा दिसणारा भाग लहान होतो, त्यामुळे पक्षी सापडतच नाही. आठ वाली मोठी काच असूनही पेलवते, आणि ४२ ला ८ नं भागलं की प्रकाशाचा झोत साधारण सव्वापाच मिलिमीटरचा मिळतो, तो पहाटेच्या कमी उजेडालाही पुरतो. मुलीचा प्रश्न वेगळा. तिच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी, आणि बऱ्याच मोठ्या दुर्बिणी तितक्या मिटतच नाहीत. तिच्यासाठी हलकी, छोटी दुर्बीण कुणाकडून मागून आणा. स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण, आणि तिची तिपाई मिळत असेल तर फारच उत्तम. तो मुलीच्या उंचीला लावा, मोठी माणसं वाकून बघतील. स्कोपमध्ये पक्षी एकदा नीट धरून ठेवला की पाचही जणांना तोच पक्षी, तसाच दिसतो. आणि सगळ्यांना, विशेषतः मुलीला, दोनदा सांगा: दुर्बीण किंवा स्कोप कधीही सूर्याकडे वळवायचा नाही. क्षणभरातही डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आता जागा. मागच्या वेळी तळं, माळ आणि झाडी असं तिन्ही केलंत. या वेळी फक्त पाणी. झाडीत पक्षी ऐकू येतात जास्त आणि दिसतात कमी. वर बघून मान दुखते आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला वाट चढ-उताराची पडते. पाण्यावरचे पक्षी मोठे, उघड्यावर असलेले आणि बरेचसे निवांत. बगळा अर्धा अर्धा तास एका जागी उभा असतो. चित्रबलाक, शराटी, चमचा हे पक्षी रंगा-आकारानं असे आहेत की पहिल्यांदा बघणाऱ्यालाही त्यांच्यातला फरक लगेच कळतो. शेकाट्याचे लांबच लांब गुलाबी पाय बघून न हसलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

सकाळी पाण्याच्या पूर्वेकडच्या काठावर जा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील आणि पक्ष्यांचे रंग दिसतील. उलट बाजूला उभं राहिलात तर सगळे पक्षी काळे. हे तुम्हाला सांगायला नको, पण पाहुणे सोबत असले की गाडी लावायला सोयीची म्हणून भलतीच बाजू निवडली जाते. आदल्या आठवड्यात, त्याच वेळेला, एकदा जाऊन या. बसायला सावलीची जागा कुठे आहे, पाण्यापर्यंत किती पावलं चालावं लागतं, स्वच्छतागृह कुठे, हे बघा. स्वच्छतागृह नसलेल्या जागी पाहुण्यांना तीन तास नेऊ नका. बायका पाणी पिणं टाळतात, मग डोकं दुखतं आणि दिवस तिथेच संपतो.

गुडघा दुखणाऱ्या मैत्रिणीसाठी घडीचं स्टूल न्या. खरं तर सगळ्यांसाठीच न्या. आपल्याला चालत पक्षी शोधायची सवय असते, पण एका जागी वीस मिनिटं गप्प बसलं की पक्षी आपल्याला जमेस धरून पुन्हा आपापल्या कामाला लागतात, आणि मग जे दिसतं ते चालताना कधीच दिसत नाही. गाडीत बसूनही बघा. पायी चालणाऱ्या माणसाला घाबरणारे पक्षी उभ्या गाडीला पुष्कळदा जवळ येऊ देतात. गुडघ्याला तेवढाच आराम, आणि लेन्सवाल्या गृहस्थांना खिडकीवर लेन्स टेकवून फोटो मिळतील.

वेळेचं म्हणाल तर साडेचारला कुणालाही उठवू नका. सूर्य उगवल्यावर पहिले दोन-तीन तास छोटे पक्षी सगळ्यात लगबगीत असतात हे खरं. रात्रभराचा उपास असतो, अंगावरची चरबी थंडीत जळलेली असते, आणि उन्हाबरोबर किडेही बाहेर पडायला लागतात. पण पाणपक्षी दुपारपर्यंत दिसतात, आणि घारी, गरुड तर जमीन तापून हवेचे झोत वर जायला लागल्याशिवाय नीट वर चढतच नाहीत. सूर्योदयानंतर अर्ध्या तासानं पोहोचलात तरी काही बिघडत नाही. तीन तास बघा आणि घरी या. दुपारी सगळ्यांना झोपू द्या.

मग संध्याकाळी तासाभरासाठी पुन्हा बाहेर पडा. माझ्या मते हा तुमच्या दिवसाचा खरा भाग असेल. सूर्य कलला की बगळ्यांच्या ओळी पाण्यावरून एकामागून एक येऊन त्याच ठरलेल्या झाडावर उतरतात. साळुंक्या शेकड्यांनी एका झाडावर जमून असा कलकलाट करतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वेडे राघू (पोपट नव्हेत, माश्या पकडणारे छोटे हिरवे पक्षी) रात्रीसाठी एकाच झाडावर गर्दी करतात, अंगाला अंग चिकटवून बसतात आणि मधेच सगळे एकदम उडून पुन्हा बसतात. इथे दुर्बीण लागत नाही, नाव माहीत असावं लागत नाही. तुम्हाला तुमच्या भागातलं असं झाड ठाऊक असेलच. मला दिवसभराच्या भटकंतीतलं फारसं आठवत नाही, पण लहानपणी शेजारच्या काकूंनी अंगणात उभं राहून दाखवलेलं बगळ्यांचं परतणं अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्या काकूंना बगळ्यांच्या वेगवेगळ्या जाती असतात हे माहीतही नव्हतं.

पक्षी दाखवायचा कसा, हेही सांगते. 'तो बघ, त्या झाडावर' यानं काही होत नाही, झाडं पन्नास असतात. पोहोचल्यावर आधी सगळ्यांना समोरच्या पाच-सहा खुणा ठरवून द्या: वाळकं झाड, मोठा दगड, विजेचा खांब, पाण्यातला ओंडका. मग खुणेपासून घड्याळाच्या काट्यांसारखं सांगा, 'वाळकं झाड, त्याच्या शेंड्याला बारा मानलं तर दोनच्या फांदीवर.' आकार नेहमीच्या पक्ष्यांवरून सांगा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा, हे माप प्रत्येकाच्या डोळ्यांत आधीपासून असतं. आणि 'दिसला का?' असं विचारू नका, 'हो' असंच उत्तर येतं. 'त्याची चोच कसल्या रंगाची आहे?' असं विचारा. रंग सांगता आला म्हणजे दिसला.

सुरुवात तारेवर बसलेल्या वेड्या राघूपासून किंवा खंड्यापासून करा. हे दोघे उडाले तरी बहुतेकदा फेरी मारून त्याच जागी परत येतात, त्यामुळे नवख्याला दुसरी, तिसरी, चौथी संधी मिळते. राघूनं माशी पकडली की तो ती तारेवर आपटतो आणि घासतो. माशी नांगीवाली असेल तर नांगी आणि विष काढून टाकल्याशिवाय गिळत नाही. हे दुर्बिणीतून एकदा दिसलं की मैत्रीण स्वतःहून म्हणेल, 'थांब, अजून बघू दे.'

तसं प्रत्येक पक्ष्याचं एक काम तरी सांगण्यासारखं तयार ठेवा. पाणकावळा पंख पसरून का उभा असतो? त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग बदकासारखा पाणी झटकत नाही, भिजतो. भिजल्यामुळे बुडी मारणं सोपं जातं, आणि मग वाळवणं आलंच. काळा कोतवाल स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या घारीला, कावळ्याला हुसकावून लावतो, म्हणून लहान पक्षी त्याच्या शेजारी घरटी बांधतात. त्याला कोतवाल हे नाव उगाच मिळालेलं नाही. कमळपक्षी दिसला तर दोघी मैत्रिणींना हे जरूर सांगा: मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. यावर त्या अर्धा तास बोलतील. आणि पाणटिवळा (लांब चोचीचा, स्थलांतर करणारा पाणपक्षी) दिसला तर मुलीला त्याच्या जातभाईची गोष्ट सांगा. २०२२ साली अंगावर छोटं यंत्र बसवलेला, अवघ्या पाच महिन्यांचा एक पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून निघाला आणि ११ दिवस कुठेही न उतरता सुमारे १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला पोहोचला. वाटेत खाणं नाही, पाणी नाही. आई-बाप बरोबर असायची या पक्ष्यांत रीत नाही, मोठे आधीच निघून गेलेले असतात. आठ वर्षांची मुलगी ही गोष्ट विसरणार नाही.

मुलीला एक काम द्या. वही-पेन्सिल देऊन तिला नोंद करायला सांगा, नाव लिहिण्याआधी चित्र काढायचं या अटीवर. चित्र काढायचं म्हटलं की शेपटी केवढी, पाय कुठून फुटतात, हे बघावंच लागतं. ती चुकीचं नाव सांगेल. लगेच दुरुस्त करू नका. आधी 'तुला असं का वाटलं?' असं विचारा. आणि तिच्यासमोर 'फक्त', 'साधाच' हे शब्द वापरू नका. 'काही नाही गं, बुलबुल आहे' असं आपण सहज म्हणून जातो, आणि जिनं तो बुलबुल आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितला तिचा आनंद तिथल्या तिथे विझतो. 'काल इथेच होता' हेही नको. तुम्हाला चुकचुकतं हे समजतं, पण ऐकणाऱ्याला आपण उशिरा आलो, कमी पडलो असं वाटतं.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण मला जाणवते. या मैत्रिणी वर्षानं भेटताहेत. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. मागच्या वेळी तुम्ही त्यांना सहा तास गप्प बसवलं असणार. या वेळी चालताना, गाडीत, हळू आवाजात भरपूर बोला. 'मी हात वर केला की शांत' एवढी एकच खूण ठरवा. गप्पा रंगल्या आणि एखादा पक्षी हुकला तर हुकू द्या.

मैत्रिणीच्या नवऱ्याशी मात्र आधीच, घरीच बोला. तिथे काठावर सगळ्यांसमोर टोकलंत तर त्यांनाही वाईट वाटेल आणि तुमचीही चिडचिड होईल. नियम थोडे आणि स्पष्ट असू द्या: तुमच्या पुढे जायचं नाही, फ्लॅश नाही, खडे मारून किंवा टाळ्या वाजवून पक्षी उडवायचा नाही, फोनवर त्याचा साठवलेला आवाज वाजवायचा नाही. आवाज का वाजवायचा नाही ते त्यांना समजावून सांगा, कारण नव्या माणसाला त्यात काही गैर वाटत नाही. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय. तो खाणं सोडून, घरटं सोडून, नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाज ऐकून नाव सुचवतं, ते खुशाल वापरा, नावाची खात्री मात्र पक्षी बघूनच करा. त्या अ‍ॅपमध्ये साठवलेले आवाज तेवढे मोठ्यानं लावायचे नाहीत.

त्यांना पक्ष्याची भाषाही शिकवा. खाणं थांबलं, मान ताठ झाली, एकटक तुमच्याकडे बघायला लागला, अंग आवळून घेतलं, शिटला: आता उडणार. यातलं पहिलं लक्षण दिसताच जागीच थांबायचं आणि दोन पावलं मागे यायचं. ज्याला हे ओळखता येतं त्याला फोटो जास्त चांगले मिळतात, हे त्यांना सांगितलंत तर ते नियम म्हणून न घेता विद्या म्हणून घेतील.

आता घुबड. नको.

तुम्हाला मनापासून सांगते आहे, म्हणून इतकं थेट लिहिलं. शृंगी घुबडाचं घरटं म्हणजे उघड्या कपारीतली सपाट जागा, काड्यांचा आडोसासुद्धा नसतो. पिल्लांवर सावली धरायला, त्यांना ऊब द्यायला आणि कावळ्या-घारींपासून लपवायला आईचं अंग एवढंच असतं. पाच माणसं आणि एक मोठी लेन्स समोर आली की ती उठणार. दिवसा उडालेलं घुबड कावळ्यांना लगेच दिसतं. ते तिच्या मागे लागतात, आणि ती कुठून उठली तेही त्यांना कळतं. तुम्ही जाल तेव्हा पिल्लं साधारण महिन्याची झालेली असतील, आणि हे वय सगळ्यात नाजूक. या घुबडांची पिल्लं उडता यायच्या बऱ्याच आधी घरटं सोडून आसपासच्या खडकांत पायी फिरायला लागतात. घाबरून एखादं कड्यावरून खाली गेलं तर त्याला परत वर येता येणार नाही.

आणि फोटोचं काय? त्या गृहस्थांचा हेतू वाईट नसेल, पण फोनमधल्या फोटोत जागेची नोंद आपोआप होऊ शकते, मागचा डोंगर ओळखू येतो, एक जण दुसऱ्याला विचारतो. चोरून घुबडं पकडणारी माणसं आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एकदा गवतात पायवाट पडली की ती पुसता येत नाही. तुम्ही स्वतः किती वेळा जाता, हेही मला विचारावंसं वाटतं. पिल्लं आहेत तोवर लांबून, दुर्बिणीतून, तेही क्वचित.

त्याऐवजी पिंगळा दाखवा. वस्तीजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीत एखादी जोडी असतेच, दिवसाउजेडी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसते आणि माणसांच्या येण्याजाण्याला सरावलेली असते. रस्त्याच्या पलीकडूनच बघा. तो मान वरखाली करत, गोल पिवळे डोळे रोखून बघायला लागला की मुलगी तुमचा हात सोडणार नाही. मग त्यांना खरं सांगा: मला एका मोठ्या घुबडाचं घरटं माहीत आहे, पण आत्ता तिथे पिल्लं आहेत म्हणून आपण जायचं नाही. तुम्हाला यात भरपाई दिसणार नाही कदाचित. पण स्वतःला इतकं आवडणारं काहीतरी एखादी व्यक्ती दाखवत नाही आणि का दाखवत नाही तेही सांगते, हे बघणं त्या मुलीच्या वाट्याला सहसा येत नाही.

किरकोळ गोष्टी: मातकट किंवा हिरवट कपडे, पांढरा आणि भडक रंग नको. नवे बूट नकोत. टोपी, पाणी. निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणींना इतकंच कळवा की किती वाजता निघणार, किती चालावं लागेल आणि किती वाजता परत येणार. आणि ती परतायची वेळ पाळा, शेवटच्या दहा मिनिटांत कितीही चांगला पक्षी आला तरी.

गेल्या वर्षी ज्या मैत्रिणीला एकही नीट दिसला नव्हता, तिला या वेळी पहिला कोणता दिसला, तेवढं मला लिहून पाठवा. आणि कपारीतली पिल्लं उडाली की तेही.

– तुमची ताई